पोटावरची सूज आणि मानेतली सुई

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"डॉक्टरताई, नमस्कार. फलटण तालुक्यात आमची शेती आहे. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणली. ती गाभण आहे हे विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. मे महिन्यात शिंगरू झालं. बारा दिवसांपूर्वी गावात गाई-म्हशींना इंजेक्शनं देणाऱ्या एका ओळखीच्यानं घोडीला जंताचं औषध दिलं. आयव्हरमेक्टिन, गाईचंच, मानेत टोचलं. वजन पाच क्विंटल धरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर छातीपासून बेंबीपर्यंत पोटाखाली सूज. बोट दाबलं की खड्डा पडायचा. खाज इतकी की तबेल्याचा खांब हलवला. खाणंपिणं मात्र चालू होतं. सहाव्या दिवशी सूज उतरली. मानेवर सुपारीएवढी गाठ आली होती, तीही विरत आलीय. लीदीत एकही जंत पडला नाही. वडील म्हणतात, हिला औषध सोसत नाही, परत नाव काढू नकोस. ओळखीचा म्हणतो, उलट दर महिन्याला द्या. शिंगराचंही पोट सुटलंय, पहाटे खोकतं, तर रविवारी त्यालाही अर्धं इंजेक्शन टोचून टाकू. कोणाचं ऐकू?"

भाऊ, रविवारचा बेत आधी रद्द करा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल. त्या गृहस्थांना आजच फोन करून सांगा की शिंगराला सुई लावायची नाही, अर्धी नाही आणि पावही नाही. का, ते पुढे येतंच.

तुमच्या घरात दोन पक्ष पडलेत आणि दोघांचीही नजर त्या पोटावरच्या सुजेवर आहे. मला मात्र पत्र वाचताना धस्स झालं ते 'मानेत टोचलं' या दोन शब्दांपाशी. सूज दिसायला भयंकर होती, पण ती विषबाधा नव्हती. सुई किरकोळ वाटली, पण तिच्यापायी घोडी गेली असती.

आधी सूज. पत्रात तुम्ही जाता जाता आणखी एक ओळ लिहिली होती, ती वर मी गाळली आहे: घोडी आणली तेव्हापासून आयाळीच्या मुळाशी कोंडा होता, केस तुटलेले होते आणि ती मान घासायची. ही ओळ फार मोलाची आहे. घोड्याच्या मानेत आयाळीखाली एक जाड, दोरखंडासारखा स्नायुबंध असतो. ऑन्कोसर्का नावाचा बारीक, लांब जंत तिथे वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतो. त्याची पिल्लं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ती कातडीत पसरतात आणि सगळ्यांत दाट गर्दी करतात पोटाच्या मधल्या रेषेवर, बेंबीच्या आसपास. कारण चावणारी चिलटं तिथेच बसतात आणि तीच ही पिल्लं एका घोड्यातून दुसऱ्या घोड्यात नेतात.

आयव्हरमेक्टिन दिलं की कातडीतली ही पिल्लं एका झटक्यात मरतात. हजारोंनी मेलेल्या पिल्लांचा निचरा करायला शरीर धावून येतं, तिथे पाणी साठतं, खाज सुटते. एक ते तीन दिवसांत सुरू होतं, काही दिवसांत उतरतं. तुमच्या घोडीचं वेळापत्रक याच्याशी तंतोतंत जुळतं. म्हणजे औषध सोसलं नाही असं नाही. औषध लागू पडलं, आणि त्याचा हा गोंधळ होता.

वडिलांना पटत नसेल तर विदर्भातल्या एखाद्या नातेवाइकाला विचारायला सांगा. नागपूर, भंडारा, गडचिरोलीकडे सरकार हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघरी देतं. ज्यांच्या रक्तात त्या रोगाचे जंत असतात त्यांनाच गोळी घेतल्यावर ताप, अंगदुखी, मळमळ जास्त होते. ज्यांच्यात नसतात त्यांना फारसं काहीच होत नाही. तिथेही लोक म्हणतात, गोळीनं आजारी पाडलं. आणि आयव्हरमेक्टिनचं घोड्याशी नातं जुनं आहे. घोड्याच्या कातडीतली ऑन्कोसर्काची पिल्लं यानं मरतात हे दिसलं, त्यावरूनच माणसातल्या त्याच्या भाऊबंदावर, आफ्रिकेत नदीकाठच्या लोकांना आंधळं करणाऱ्या जंतावर, हे चालेल का असा विचार पुढे गेला. १९८१ साली सेनेगलमध्ये माणसांवर पहिली चाचणी झाली. २०१५ साली ओमुरा आणि कॅम्पबेल या दोघांना या औषधाच्या शोधासाठी नोबेल मिळालं. घोड्यांच्या नावानं कोणी हार घातला नाही, ते असो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मानेतले मोठे जंत या औषधानं मरत नाहीत, त्यामुळे काही महिन्यांनी आयाळीची खाज परत येईल. तेव्हा औषध बोगस निघालं म्हणून कोणाशी भांडू नका. आणि हीच पिल्लं कधी कधी डोळ्यातही शिरलेली असतात. पुढच्या वेळी औषधानंतर घोडीच्या डोळ्याला पाणी आलं, उन्हात डोळा मिटून घेऊ लागली, बुबुळ धुरकट वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळ्याला उद्या नसतो.

पोटाखालच्या प्रत्येक सुजेला हेच कारण लावू नका. आपल्याकडे सर्रा नावाचा रोग आहे. तो जंताचा नाही, रक्तातल्या सूक्ष्म परजीवीचा आहे आणि मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे पसरतो. त्यातही पोटाखाली आणि पायांवर सूज येते. पण ताप येतो-जातो, घोडं खंगत जातं, हिरड्या पांढुरक्या पडतात आणि सूज अशी सहा दिवसांत निघून जात नाही. यात्रेत चार राज्यांतली घोडी एका मैदानात उभी राहतात, तेव्हा ही शंका नेहमी मनात असावी. घोडीच्या हिरड्या उजेडात बघा. गुलाबी असतील तर ठीक. फिक्या वाटल्या तर रक्त तपासून घ्या.

आता ती सुई.

१९८० च्या दशकात आयव्हरमेक्टिन नवं होतं, तेव्हा खास घोड्यांसाठी त्याचं इंजेक्शन बाजारात आलं होतं. थोड्याच काळात ते मागे घ्यावं लागलं. टोचलेल्या जागी काही घोड्यांना भयंकर सूज यायची आणि त्यातल्या काहींना स्नायूत सडवणाऱ्या जंतूंचा संसर्ग व्हायचा. हे जंतू मातीत आणि लिदीत असतात, हवा नसलेल्या खोल जागी फोफावतात. टोचल्यापासून एक-दोन दिवसांत मान फुगते, हाताला गरम लागते, दाबलं की कातडीखाली पापड मोडल्यासारखं कुरकुरतं. घोडं मान वळवत नाही, ताप चढतो, आणि पुढचं सगळं दिवसांत नाही, तासांत मोजायचं. तेव्हापासून घोड्याला हे औषध तोंडातून द्यायचं, हा जगभरचा रिवाज आहे. गाईच्या बाटलीवर घोड्याचं नाव नसतं ते छापायचं राहून गेलं म्हणून नाही.

तुमच्या घोडीला बारा दिवस झाले, गाठ विरत चालली, गरम नाही, दुखत नाही. म्हणजे हा धोका टळला. तिला काही करू नका, शेक नको, लेपही नको. पण हा खेळ परत नको. ओळखीच्या माणसाचा हेतू चांगला असेल, त्याचा हात गाईवर बसलेला आहे आणि घोडं म्हणजे बिनशिंगाची गाय नव्हे. गाईच्या पशुखाद्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाय ते आरामात पचवते, घोड्याचं हृदय त्यानं बंद पडतं. लेव्हामिसोल हे जंताचं औषध शेळ्या-मेंढ्यांना सर्रास पाजतात. घोड्यात ते जंतांवर धड चालत नाही आणि डोस थोडा चढला की घाम, लाळ, थरथर, बेभान उधळणं. गाई-म्हशींच्या जंताच्या कित्येक गोळ्यांत आणि पातळ औषधांत ते दुसऱ्या औषधाच्या जोडीला घातलेलं असतं, तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय काही देऊ नका.

बाटलीनं किंवा नळीनं पातळ औषध पाजणं हाही आपल्याकडचा जुना शौक. दोघांनी मान वर ओढायची आणि तिसऱ्यानं ओतायचं. त्यातलं निम्मं श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसाचा दाह होतो. मी असं एक उमदं घोडं गमावलेलं बघितलंय, आणि औषध अगदी बरोबर होतं. घोड्यासाठीची पेस्ट मिळते ती घ्या. गावात नसेल तर डॉक्टरांना मागवायला सांगा. पेस्टच्या पिचकारीच्या दांड्यावर वजनाच्या खुणा असतात. आधी तोंडातला घास संपू द्या, नाहीतर चघळलेल्या कडब्याबरोबर पेस्टही थुंकून टाकेल. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते तिथून पिचकारी आत घालायची, जिभेच्या मागच्या भागावर सोडायची आणि हनुवटी थोडा वेळ वर धरायची. मोतद्दार अंगावर पेस्ट उडवून घेतो तो बहुतेक घाई केल्यामुळे.

वजनाचं काय? पाच क्विंटल हा अंदाज मला जास्त वाटतो. तुमच्याकडे शिंप्याची टेप असेल. खोगिराचा तंग बसतो तिथे छातीचा घेर घ्या, सेंटिमीटरमध्ये. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १५० भरली तर उत्तर येतं सुमारे ३४४ किलो. आयव्हरमेक्टिन किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे या घोडीला साधारण ६९ मिलिग्रॅम. तुम्ही शंभर दिलं असणार. तोंडातून दिलेल्या आयव्हरमेक्टिनमध्ये मोठ्या घोड्याला एवढी सूट असते. मॉक्सिडेक्टिन नावाचं त्याच्याच घराण्यातलं औषध आहे, त्यात एवढी सूट नाही. ते चरबीत साठतं, आणि रोडावलेल्या घोड्यात किंवा लहान शिंगरात चरबी कुठली? मग ते मेंदूत पोचतं. ओठ लोंबतो, पाय अडखळतात, जनावर आडवं पडतं. अंदाजानं कमी देणंही वाईटच. अर्धवट मारातून वाचलेले जंत पुढच्या पिढीला तेच शिकवून जातात.

आणि आता शिंगरू, ज्याच्यासाठी मी एवढी घाई केली.

पाच महिन्यांचं, पोट सुटलेलं, पहाटे खोकणारं. हे वर्णन वाचून कुठल्याही घोड्याच्या डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येतं पॅरास्कॅरिसचं, म्हणजे शिंगरांचा मोठा गोलजंत. पेन्सिलीएवढा जाड, वीतभरापासून हातभर लांब. त्याची पिल्लं यकृतातून फुप्फुसात जातात, तिथून खोकल्याबरोबर घशात आणि परत पोटात. म्हणून तो खोकला. एका शिंगरात असे शेकडो असू शकतात, आणि शिंगराचं लहान आतडं काही फार रुंद नसतं.

आयव्हरमेक्टिन जंताला लुळा करून मारतं, तेही झटपट. शेकडो जंत एकाच वेळी लुळे पडले की पाण्याबरोबर वाहत जातात आणि आतड्याच्या अरुंद टोकाशी त्यांचा गुंता अडकतो. मोळीच म्हणा ना. आतडं तुंबतं, कधी फाटतं. बहुतेकदा हे औषधानंतर पहिल्या चोवीस तासांतच होतं. शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि ती फलटणमध्ये रविवारी दुपारी कोण करणार आहे? पायरँटेल हे जंताचं दुसरं औषधही असंच लुळं करतं. घोड्याला ओकारी येत नाही, त्यामुळे तुंबलेलं बाहेर पडायला दुसरी वाटच नाही. 'अर्धं इंजेक्शन' यातून वाचवत नाही. वर आणखी एक: हा गोलजंत जगात बऱ्याच ठिकाणी आयव्हरमेक्टिनला दाद देईनासा झालाय. म्हणजे एक तर अडकणार, नाही तर काहीच होणार नाही.

अशा शिंगराला पहिलं औषध सहसा फेनबेंडाझोल देतात. ते जंताची उपासमार करतं, त्याला मरायला दिवस लागतात, त्यामुळे जंत टप्प्याटप्प्यानं बाहेर पडतात. डोस तुमचे पशुवैद्य ठरवतील, पण वजन तुम्ही सांगा. वरचं टेपचं गणित मोठ्या घोड्याचं आहे, शिंगराला लावू नका. तुमच्या भागात साखर कारखान्यांचे वजनकाटे आहेत. आईसकट पिकअपमध्ये चढवा, मग शिंगरू उतरवून परत वजन करा. उसाच्या रांगेतले ट्रॅक्टरवाले हसतील, हसू द्या.

औषधाच्या आधी उपाशी ठेवू नका, पाणी समोर असू द्या, आणि नंतरचे तीन दिवस कोणीतरी घरात असलेलं बरं. पुढच्या पायानं जमीन उकरणं, कुशीकडे वळून बघणं, लोळणं, घाम, लीद बंद होणं, दूध तोडणं, यातलं काहीही दिसलं की फोन. डॉक्टर लांब असतील तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक आहे. पोटशूळात मोठ्या घोड्याची नाडी मोजता येत असेल तर मोजा. जबड्याच्या खालच्या कडेला बोट लावलं की लागते. शांत घोड्यात मिनिटाला २८ ते ४४, साठच्या वर गेली तर वाट बघायची नाही. शिंगराची मुळातच जास्त असते, तिथे आकड्यापेक्षा त्याच्या वागण्यावर विश्वास ठेवा.

राहिला 'दर महिन्याला' हा सल्ला. तो अगदी आकाशातून पडलेला नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या केंटकीत दर आठ आठवड्यांनी औषध देण्याची पद्धत सुचवली गेली. तेव्हा खरा शत्रू होता आतड्याच्या रक्तवाहिनीत शिरून घोड्याला पोटशुळानं मारणारा मोठा लाल जंत. तो या पद्धतीनं कितीतरी ठिकाणी जवळजवळ संपला. पण पुढची पन्नास वर्षं तेच चालू राहिलं आणि छोटे लाल जंत निगरगट्ट झाले. आज औषध तारखेवर नाही, लीद तपासून देतात. एका तबेल्यातल्या थोड्याच घोड्यांच्या पोटातून जंतांची बहुतेक अंडी पडत असतात. बाकीच्यांना वारंवार औषध देऊन पैसे आणि औषध दोन्ही वाया. लीदीच्या एका ग्रॅममागे दोनशेपेक्षा कमी अंडी असतील तर मोठ्या घोड्याला बहुधा सोडून देतात, पाचशेच्या वर देतात, मधल्यात डॉक्टरांचं डोकं लागतं. आपल्या हवामानात अळ्या पावसाळ्यात गवतावर चढतात आणि वैशाखाच्या उन्हात वाळून मरतात. तेव्हा एक तपासणी पाऊस लागताना आणि एक दसरा-दिवाळीच्या सुमारास, एवढी दोन घोड्यांच्या तबेल्याला मला पुरेशी वाटते. शिंगराची पहिल्या वर्षी जास्त वेळा.

लीदीत एकही जंत दिसला नाही याचा अर्थ जंत नव्हते असा नाही. छोटे लाल जंत जेमतेम नखाएवढे, केसासारखे, लीदीच्या रंगात मिसळून जातात. शिवाय त्यांच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत कोष करून महिनोन्‌महिने झोपतात आणि आयव्हरमेक्टिन तिथवर पोचत नाही. औषधानंतर आठवडा-दोन आठवड्यांत घोडीला पातळ जुलाब लागले आणि ती झपाट्यानं वाळली तर या कोषांची शंका घ्यायची. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

तुमचं नशीब असं की परवा घोडीच्या औषधाला चौदा दिवस होतात. त्या दिवशीची लीद तपासली तर फुकटात एक मोठी गोष्ट कळेल. आयव्हरमेक्टिननंतर दीड-दोन महिने लीदीत अंडी जवळजवळ दिसायला नकोत. चौदाव्या दिवशीच दिसली, तर यात्रेतून तुम्ही घोडीबरोबर औषधाला न जुमानणारे जंतही विकत आणलेत, आणि शिंगरू त्याच कुरणात चरतंय. मग पुढचं औषध वेगळ्या घराण्यातलं निवडावं लागेल.

सकाळी पडलेल्या लीदीच्या आतल्या भागातून, जमिनीला न टेकलेला, मूठभर ऐवज प्लास्टिकच्या पिशवीत घ्या. हवा दाबून काढा, तोंड बांधा. घोडीची एक, शिंगराची एक, वर नाव आणि तारीख. उन्हात ठेवू नका, थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवा, गोठवू मात्र नका. शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे, निघण्याआधी तिथल्या परजीवीशास्त्र विभागात फोन करून घ्या. आणि चिठ्ठीवर लिहा: अंड्यांची संख्या हवी आहे, नुसतं 'आहेत' किंवा 'नाहीत' नको. शिंगराच्या पिशवीवर त्याच्याखाली आणखी एक ओळ: गोलजंताची अंडी वेगळी मोजावीत.

पत्राच्या शेवटी तुम्ही कौतुकानं लिहिलंय की कुत्रा घोडीच्या पायाशीच झोपतो. पेस्ट देताना त्याला बांधून ठेवा आणि जमिनीवर सांडलेलं पुसून घ्या. घोड्याच्या पिचकारीत कुत्र्याच्या मानानं प्रचंड औषध असतं, आणि कोलीसारख्या काही जातींच्या मेंदूला त्यापासून संरक्षणच नसतं. औषधानंतर दोन-तीन दिवसांची लीदही त्याला खाऊ देऊ नका. ती गोळा करून उकिरड्यात खोल दाबा.